मुक्कामाच्या गाडीची डबल बेल

आधीच सांगून टाकते. या ग्रुपवर कुणी भुताखेतांचा अनुभव टाकला की खाली "घरात गॅस लीक आहे का बघा" नाहीतर "झोप पूर्ण करा ताई" असं लिहिणारी जी बाई आहे ना, ती मीच. दोघा-तिघांनी मला त्यावरून ब्लॉकही केलंय. त्यांची माफी वगैरे मागायला आलेले नाही... फक्त आता माझ्याच पदरात असं एक प्रकरण पडलंय की त्याखाली काय कॉमेंट लिहावी ते मला सुचत नाही. म्हणून इथे टाकतेय.

माझं कामच मुळात संशय घ्यायचं आहे. दुबईत एका इन्शुरन्स ऑफिसात मी मोटर क्लेम्स बघते. गाडी ठोकली, टायर फुटला, उंट आडवा आला... रोज लोक मला गोष्टी सांगतात आणि मी म्हणते, फोटो पाठवा. कारण कळल्याशिवाय माझी फाइल बंद होत नाही. भूत, आत्मा, संकेत यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानते का, ते विचारू नका, मलाच नीट माहीत नाही.

आम्ही अल बर्शात राहतो. मी मृणाल, माझा नवरा मिलिंद, आमची मुलगी सई — इथेच वाढलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं — आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. सासरे, म्हणजे नाना, आता नाहीत. म्हणजे... नाहीतच. पुढे वाचा.

मिलिंदचं जिप्सम पार्टिशनचं छोटं कॉन्ट्रॅक्टिंग आहे. तीनेक वर्षांपूर्वी त्याने धंद्यासाठी म्हणून एक सेकंडहँड हेवी ड्युटी पिकअप घेतली. पेट्रोलची, भल्यामोठ्या व्ही-एट इंजिनची. बाजूला उभं राहिलं तर तिचं बॉनेट माझ्या खांद्याला लागतं. मी विचारलं, चार जिप्सम बोर्ड न्यायला एवढी दांडगी गाडी कशाला? तेव्हा साहेब नुसते हसले. काही महिन्यांनी कळलं कशाला ते. त्याने कुणा मायदेशी परत जाणाऱ्या गोऱ्याकडून एक ट्रॅव्हल ट्रेलर उचलला होता. इथे सगळे त्याला कॅराव्हॅन म्हणतात. चाकांवरची खोलीच ती — आत पलंग, छोटंसं किचन, बाथरूम. स्वतःचं इंजिन नसतं, पिकअपच्या मागे जोडून ओढत न्यायची. "बोअर झालं की घर घेऊन निघायचं," मिलिंद म्हणाला. मी म्हटलं, घराला कंटाळून बाहेर पडायचं तर घर बरोबर कशाला न्यायचं? पण माझं ऐकतो कोण.

नानांना मात्र ती कॅराव्हॅन बघताक्षणी आवडली. नाना आणि आई तेव्हा नुकतेच वाईहून आमच्याकडे राहायला आले होते. नानांची सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली. त्यांनी कॅराव्हॅनला दोन प्रदक्षिणा घातल्या, आत जाऊन पलंगावर बसून आले आणि म्हणाले, "ही तर आपली मुक्कामाची गाडी."

तुमच्यातल्या शहरवाल्यांसाठी सांगते. मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि सकाळी उजाडता उजाडता परत फिरणारी बस. नानांनी वर्षानुवर्षं हीच ड्युटी केली. ते कुठल्या कुठल्या डोंगरातल्या गावी मुक्कामाला, आणि आई घरी, एकट्या, मिलिंदला घेऊन. आल्यागेल्याला सांगायच्या, "यांची गाडी आज मुक्कामाला आहे." आमच्याकडे आल्यावर एकदा जेवताना त्या बोलून गेल्या की, एवढे मुक्काम केलेत, एकदा तरी मला नेलंत का? नानांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, "आता नेतो. पुढच्या थंडीत. तुला पहिली सीट."

मग काय, दर शनिवारी बापलेकांची प्रॅक्टिस सुरू झाली. कॅराव्हॅन मुहैस्नाहला एका यार्डात उभी असते, मिलिंदचे कामगार राहतात त्या कॅम्पच्या जवळ. जोडायची पद्धत सोपी आहे. पिकअपच्या मागे एक लोखंडी गोळा असतो. कॅराव्हॅनच्या पुढच्या दांड्याला त्या गोळ्यावर बसणारी टोपी असते. टोपी गोळ्यावर बसली की खटका लावायचा, आणि तो आपोआप उघडू नये म्हणून त्यात एक पिन सरकवायची. पण त्यासाठी एवढी मोठी पिकअप बरोब्बर त्या दांड्याखाली रिव्हर्स घ्यावी लागते, आणि इथे नाना कामाला लागायचे. मागे उभे राहून हात हलवत "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..." आणि मग पिकअपच्या मागच्या पत्र्यावर एक थाप. एक थाप म्हणजे सिंगल बेल, थांब. सगळं जोडून झालं, पिन लागली, वरून आधाराच्या साखळ्या लागल्या की दोन थापा. डबल बेल, चल.

मिलिंद म्हणायचा, "नाना, मागे कॅमेरा आहे हो गाडीला."

"असू दे. कॅमेऱ्याला बेल देता येते का?"

त्यांच्या उजव्या हातात चांदीची जाड अंगठी होती. त्यामुळे थाप पडली की ठप्पच्या पाठोपाठ बारीकसा टक असा आवाज यायचा. तो आवाज आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. पिन हरवू नये म्हणून नानांनी ती एका सुतळीने दांड्यालाच बांधून ठेवली होती. पिन लावायचं काम त्यांचं, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

थंडी यायच्या आधी उन्हाळा आला, आणि उन्हाळा लागता लागता नाना गेले. झोपेतच. कॅराव्हॅनने यार्डाच्या गेटाबाहेर चाकही ठेवलं नव्हतं.

मिलिंदने तिच्यावर ताडपत्री टाकली आणि परत तिचं नाव काढलं नाही. नानांची अंगठी आईंनी एका डबीत घालून देव्हाऱ्यात बाळकृष्णाजवळ ठेवली. आणि आई... आई बाल्कनीच्या दारापाशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. तिथून मेट्रो दिसते. एक जाते, एक येते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या तेवढंच बघायच्या. बोलणं जवळजवळ बंद, जेवण म्हणजे अर्धी पोळी, तीही मी पुढ्यात बसले तर. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मॅडम, औषध देण्यासारखं यांना काही झालेलंच नाही. मी घरी येऊन बाथरूममध्ये जाऊन रडले. माझी आई लहानपणीच गेली, मला आई म्हणायला ही एकच बाई आहे.

थंडी सुरू झाली तशी एक दिवस आईंनी मिलिंदला सांगितलं, माझं पुण्याचं तिकीट काढ. जायचं फक्त, यायचं नको. वाईचं घर तर बंद पडलेलं. मी म्हटलं, "आई, तिथे एकट्या काय करणार तुम्ही?"

"वाट बघायची सवय आहे मला," त्या म्हणाल्या. "इथे बसून वाट तरी कुणाची बघू?"

मिलिंदला नाही म्हणता आलं नाही. त्याने तिकीट काढलं, मग किचनमध्ये येऊन ओट्याला टेकून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ती तिकडे गेली ना मृणाल, की संपली. एका पावसाळ्याच्या वर नाही काढायची." मलाही तेच वाटत होतं.

सईने हे सगळं ऐकलं होतं. रात्री जेवताना तिने एकदम सांगितलं, "आजोबा प्रॉमिस्ड हर. वन नाइट, बाबा. आजी जायच्या आधी. जस्ट वन नाइट." आणि आजीकडे वळून, मोडक्या मराठीत, "मुक्काम, आजी. प्लीज."

आईंनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "देव बरोबर येतील. घरी दिवा कोण लावणार?"

एवढीच अट. पण त्या अटीला पोटअटी होत्या. देव पुढे बसणार. त्यांच्या आसपास चपला नाहीत, कांदा-लसूण नाही, गॅसची टाकी नाही, कुणाचे पाय त्यांच्याकडे व्हायचे नाहीत. आमच्या कॅराव्हॅनमध्ये पुढच्या भागात मोठा पलंग आहे आणि मागे किचन. त्यामुळे पुढचा अख्खा पलंग देवांना गेला — त्यावर धुतलेली सतरंजी, तिच्यावर देव्हारा, चारी बाजूंनी उशा. मी म्हटलं, वा, देवांना मास्टर बेडरूम आणि आम्ही किचनमध्ये. आणि उरलेलं झाडून सगळं सामान मागे. पाण्याचे मोठे कॅन, कोळशाचं पोतं, शेगडी, जनरेटर, गॅसची टाकी, फोल्डिंग टेबल, वाळूत गाडी रुतली तर लागणाऱ्या लोखंडी फळ्या. सगळं शेवटच्या टोकाला रचलं. आई इतक्या महिन्यांनी काहीतरी मागत होत्या, त्यांना नाही कोण म्हणणार? त्यांनी देवांना पिकअपच्या टपावर बसवायला सांगितलं असतं तरी मिलिंदने बसवलं असतं.

शनिवारी सकाळी आम्ही मुहैस्नाहच्या यार्डात पोचलो. मिलिंदने पिकअप रिव्हर्स घेतली. यावेळी कॅमेऱ्यात बघून. मागे कुणी उभं राहिलं नाही. ती जागा कुणी घेतलीच नाही, सांगायचं तर कुणाला घ्यावीशी वाटली नाही. तिसऱ्या खेपेला टोपी गोळ्यावर बसली, साखळ्या अडकवल्या, दिव्यांची वायर जोडली. "यल्ला, निघू या," मिलिंद म्हणाला, पण त्याचा आवाज काही लागत नव्हता. सई पुढे त्याच्या शेजारी, मी आणि आई मागच्या सीटवर. निघालो.

दिब्बाला जायचं होतं, समुद्रावर. धैदच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो, मसाफीच्या जरा पुढे चढ संपतो आणि तिथून दिब्बापर्यंत वळणावळणांचा उतार आहे. धैदपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. या पिकअपची गंमत अशी की इंजिनात एवढी ताकद आहे, मागे अख्खं घर जोडलंय हे पुढे बसलेल्याला कळतच नाही. फक्त पेट्रोलचा काटा तेवढा भराभर खाली येतो. मागची खोली मधूनमधून थोडी झुलत होती. मिलिंद म्हणाला वारा आहे. मी म्हटलं असेल.

धैद सोडल्यावर थोड्या वेळाने मला मागून एक आवाज आला. ठप्प.

मिलिंदचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला, मला मागून दिसलं ते. त्याने आरशात बघितलं. मग परत वेग धरला. "सामान हललं असेल काहीतरी," तो म्हणाला. मी कुणाकडेच बघितलं नाही. मला त्या ठप्पच्या मागे अजून एक बारीक आवाज ऐकू आला होता, पण मी तो ऐकला नाही असं ठरवून टाकलं. असं ठरवता येतं, माझ्याकडे येणारे क्लायंट रोज ठरवतात.

मसाफी आलं. रस्त्याकडेच्या गालिच्यांच्या आणि फळांच्या दुकानांसमोरून आम्ही पुढे गेलो. पुढे एक लहानसा चढ, मग उतार सुरू. आणि त्या चढावर पुन्हा... ठप्प. आणि टक.

या वेळी स्पष्ट. पिकअपच्या मागच्या पत्र्यावर.

माझ्या शेजारून आईंचा आवाज आला. रागावलेला, खणखणीत, गेल्या कित्येक महिन्यांत मी न ऐकलेला. "मिलिंदा, सिंगल दिलीय त्यांनी. ऐकू येत नाही का तुला? थांबव गाडी."

मिलिंदने गाडी हळू केली. चढाच्या माथ्यावरच रस्त्याला लागून एक मोकळी सपाट जागा होती, तिथे नेऊन उभी केली. आम्ही तिघं उतरून मागे गेलो.

असले फोटो मी ऑफिसात बघितलेत. पण फोटोच्या शेजारी उभं राहणं वेगळं असतं. खटका उघडला होता. टोपी गोळ्यावरून अर्धी वर उचलली गेली होती, नुसती कडेवर टेकून होती. पिन तिच्या सुतळीला लोंबत होती, खटक्यात गेलेलीच नव्हती. यार्डात मिलिंदला वाटलं सईने लावली, सईला वाटलं बाबाने. प्रॅक्टिसला दर वेळी ती फक्त नाना लावायचे ना, त्यामुळे लावायची आठवण कुणाच्याच हाताला नव्हती. आणि मागच्या टोकाला ते सगळं जड सामान. वजन मागे गेलं की पुढचा दांडा वर उचलायला बघतो, तराजूसारखं. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक चढाला तो टोपी वर ढकलत होता. पिन असती तर खटका निघाला नसता, सामान पुढे असतं तर दांडा उचललाच नसता. दोन्ही चुका आमच्याच.

समोर उतार सुरू होत होता. पेट्रोलची गाडी, खालचा गिअर टाकून ब्रेक सांभाळत उतरायचं होतं, मागून एवढं वजन, पहिल्याच वळणावर टोपी निसटली असती तर साखळ्यांनी काय धरलं असतं ते मला माहीत आहे. मी सविस्तर लिहीत नाही. सईने एकदा उताराकडे बघितलं आणि येऊन माझा दंड घट्ट धरला.

मिलिंद कपाळाला हात लावून उभा होता. सामान पुढे घ्यायला हवं होतं, म्हणजेच देव तिथून हलवायला हवे होते. आणि आईंना ते सांगायचं धाडस त्याला होईना. तेवढ्यात आईच गाडीतून उतरून आल्या. त्यांनी ती लोंबणारी पिन बघितली. हातात घेतली. मग विचारलं, "काय करायचं असतं आता?"

मी सांगितलं. वजन पुढे हवं, चाकांच्या थोडं पुढे. देव मागे न्यावे लागतील... चालेल का?

"न चालायला काय झालं," त्या म्हणाल्या. "कंडक्टर जन्मभर मागच्या दाराशी उभा राहिला. त्याला कधी कमीपणा आला नाही, देवांना कसा येईल? घ्या मागे."

आणि मग त्यांनी पदर खोचला. जी बाई बाल्कनीच्या दारातून उठत नव्हती ती मसाफीच्या उन्हात उभी राहून आम्हाला हुकूम सोडायला लागली. हे इकडे, ते तिकडे, पाणी आधी, कोळसा नंतर, अगं सई ते टेबल आडवं नको उभं ठेव. देव्हारा त्यांनी स्वतः रजईत गुंडाळून मागे नेला. सामान नीट लागल्यावर मिलिंदने जॅकवर दांडा उचलला, पण पिकअप वीतभर मागे घ्यायला लागणार होती. तो चढून बसला. आम्ही एकमेकींकडे बघतोय तोवर आई जाऊन नानांच्या जागेवर उभ्या राहिल्या.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. आवाज थोडा कापला, मग सरळ झाला. "येऊ दे... येऊ दे..." आणि पत्र्यावर थाप मारली. त्यांच्या हातातल्या बांगड्या खळकन वाजल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टोपी बसली. खटका लागला. पिन सईने सरकवली आणि खेचून बघितली. "पिन इज इन, आजी."

आम्ही सगळे गाडीत येऊन बसलो. दारं बंद, काचा बंद. इंजिन बंदच होतं, मिलिंदने टोपी बसल्यावरच बंद केलं होतं. पुढे मिलिंद आणि सई. मागे मी आणि आई, आणि आईंचे दोन्ही हात मी माझ्या हातात धरले होते. आजूबाजूला चिटपाखरू नाही. लांब खडकावर एक शेळी होती, ती आमच्याकडे बघतही नव्हती. मिलिंद स्टार्ट बटणावर बोट ठेवून बसला होता, पण दाबत नव्हता. तो कशासाठी थांबलाय ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

ठप्प, टक. ठप्प, टक.

मागच्या पत्र्यावर. सावकाश, एकामागून एक, जसे ते द्यायचे तसे. बांगड्यांचा आवाज नाही. सईने मागे वळून माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते, आणि तिने मराठीत विचारलं, "आई, आजोबा?" मी दार उघडून खाली उतरले, अक्षरशः पळत मागे गेले. कुणी नव्हतं. पत्र्यावर रस्त्याची धूळ होती आणि तिच्यात आईंच्या हाताचा एकच ठसा. दुसरा कुठलाही नाही. खरं सांगू का, असता तर बरं झालं असतं, निदान इथे लिहायला फोटो मिळाला असता.

परत येऊन बसले तर आई समोर बघत होत्या. चेहरा शांत, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचीही त्यांना घाई नव्हती.

"डबल मिळाली," त्या मिलिंदला म्हणाल्या. "चल आता."

खालच्या गिअरमध्ये, सावकाश, आम्ही तो सगळा उतार उतरलो. मागची खोली जराही झुलली नाही. दिब्बाला समुद्रावर पोचलो, सावलीसाठी ताडपत्री बांधली, आणि संध्याकाळी मी पिठलं-भात केला. आईंनी दोनदा वाढून घेतला. मिलिंद तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसला. सई म्हणाली, "आजी, स्लो डाऊन," आणि आम्ही सगळे हसलो. त्या रात्री आईंना पहिली सीट मिळाली, म्हणजे मास्टर बेडरूम. देव मागे किचनमध्ये, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

सकाळी मी उठले तर आई कॅराव्हॅनच्या पायरीवर चहा घेऊन बसल्या होत्या. समोर समुद्र, कोवळं ऊन. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "असा असतो होय मुक्काम. मी आपली समजत होते, बिचारे कुठेतरी अंधारात उपाशी झोपत असतील." मग चहा संपवला, कप माझ्या हातात दिला. "ते तिकीट रद्द करायला सांग मिलिंदाला. कंडक्टरशिवाय मुक्कामाची गाडी कशी सोडणार तुम्ही? पिनसुद्धा लावता येत नाही तुम्हाला."

आता माझ्या कामाचा भाग. परत आल्यावर मी या सगळ्याचा छडा लावायचा प्रयत्न केला, अगदी परक्या माणसाचा क्लेम असल्यासारखा. आमच्या ऑफिसातल्या एका सर्व्हेयरशी बोलले. तो म्हणाला, पहिल्या दोन आवाजांचं सोपं आहे, दांडा उचलला की टोपी गोळ्यावर आपटते, त्याचा ठप्प येणारच. पटलं मला. टक कशाचा? खटक्याचा असेल. बरं, तेही पटलं. मग उभ्या गाडीचं काय? इंजिन बंद, दारं बंद, कुणी जागचं हललेलं नाही. तो म्हणाला, गरम पत्रा थंड होताना वाजतो. मग आम्ही यार्डात, डोंगरात, त्याच मसाफीच्या जागेवरसुद्धा गाडी तापवून, उभी करून बघितली. पत्रा वाजतो, कडकड असा. ठप्प-टक, ठप्प-टक असा एकदाही वाजला नाही. डॅशकॅम इंजिनाबरोबर बंद होतो, त्यामुळे रेकॉर्डिंग नाही. आणि अंगठी? ती त्या वेळी डबीत होती, डबी देव्हाऱ्यात, देव्हारा रजईत, रजई कुलूपबंद कॅराव्हॅनच्या मागच्या टोकाला. मी स्वतः जाऊन बघितलीय. डबी बंद होती.

माझ्याकडे कारण नाही. अजूनही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, "गॅस लीक" सोडून. तो विनोद माझा आहे.

त्यानंतर आम्ही बरेच मुक्काम केले. रास अल खैमाला दोनदा, दिब्बाला तर आता ठरलेलंच आहे. आईंनी स्पोर्ट्स शूज घेतलेत. त्या मागे उभ्या राहतात, येऊ दे म्हणतात, पिन स्वतः लावतात, थापा मारतात, बांगड्या वाजतात आणि मग येऊन माझ्या शेजारी बसतात. पण मिलिंद अजूनही बटण दाबायच्या आधी थोडा थांबतो. खरं तर आम्ही तिघंही थांबतो, श्वास धरून. त्या दिवसानंतर परत कधी काही ऐकू आलं नाही.

मागच्या वेळी मी धीर करून आईंना म्हटलं, तुम्हाला वाईट नाही वाटत, परत नाही आला आवाज म्हणून? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू एवढं साधं मला कसं कळत नाही.

"अगं, एकदा डबल दिली की कंडक्टर पुन्हा पुन्हा देत नाही," त्या म्हणाल्या. "गाडी सुटली ना आपली?"